फिट थांबली, पण सातचा पाढा लक्षात राहत नव्हता

लेकीच्या तिसरीच्या शुद्धलेखनाच्या वहीतलं एक पान मी अजून जपून ठेवलंय. ‘पावसाळ्यात नदीला पू’ इथपर्यंत अक्षर नेहमीसारखं गोल. मग उकारातून पेन्सिल घसरली ती थेट समासापर्यंत. पुढची दोन वाक्यं नाहीतच, आणि तिसरं पुन्हा व्यवस्थित. खाली लाल शाईत बाईंचा शेरा: ‘वर्गात लक्ष नसते.’ त्या संध्याकाळी मी तिला खूप बोलले. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

महिन्याभराने जेवताना तिचा घास हातातच राहिला. नजर एका जागी, ओठ चघळल्यासारखे हलत होते आणि डावा हात फ्रॉक चाचपडत होता. मी हाक मारली, हलवलं, काही नाही. दीड मिनिटाने म्हणाली, “आई, तू काही म्हणालीस का?” दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. तोच मिरजेच्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडला. ते म्हणाले, “पडणं, तोंडाला फेस येणं म्हणजेच फिट, असं नसतं. ही पण फिटच आहे.” ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखासाठी, आदल्या रात्री तिला उशिरापर्यंत जागवायचं, पहाटे चारला उठवायचं, केस धुवायचे पण तेल लावायचं नाही, असं सांगितलं होतं. तारा लावलेल्या डोक्याने ती तिथे गाढ झोपली आणि झोपेतच डाव्या कानशिलाकडची गडबड कागदावर आली. एमआरआय स्वच्छ निघाला.

लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सुरू झालं आणि तीन आठवड्यांत फिट थांबली. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. पण मुलगी बदलली. धाकट्या भावाला चावली, कंपासपेटी भिंतीवर फेकली, रात्री कारण नसताना हुंदके देऊन रडायची. घरात सगळे म्हणाले, आजारपणात लाडावली. मला ते पटेना. मी कालनिर्णयच्या चौकोनांत, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज एक अक्षर लिहायला लागले: फिटला ‘फ’, रागाला ‘र’, झोप मोडली की ‘झ’. डोस वाढवल्याची तारीखही लिहिली. महिना संपला तेव्हा पानावर ‘फ’ एकही नव्हता, पण डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यापासून ‘र’ ओळीने उभे होते. ते पानच फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी लगेच सांगितलं की या औषधाने काही मुलांची चिडचिड वाढते, आणि ते हळूहळू उतरवत दुसरं सुरू केलं. मी मनाने एक गोळीही चुकवली नव्हती, हे बरं झालं. औषध एकदम बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, हे तेव्हाच कळलं. पुढच्या महिन्याच्या पानावर ‘र’ विरळ होत गेले.

आता अभ्यासही जागेवर येईल, असं मी धरून चालले होते. तो आला नाही. सातचा पाढा रात्री घडाघडा म्हणायची आणि सकाळी ‘सात त्रिक’वर गप्प. वाचताना जोडाक्षराशी अडायची. शाळेचं म्हणणं एकच, सराव कमी पडतो.

खरं काय ते मानसशास्त्रज्ञ मॅडमच्या टेबलाशी समजलं. त्यांनी पंधरा शब्द वाचून दाखवले, तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतले. अर्ध्या तासाने विचारलं तर तिला तीन आठवले. चित्रं मात्र जवळजवळ सगळी आठवली. त्यांनी मला समजावलं की ऐकलेले शब्द साठवायच्या कामात बहुतेकांच्या मेंदूचा डावा भाग पुढे असतो, आणि हिची गडबड तिथेच आहे. फिट थांबली म्हणून ही उणीव आपोआप भरून निघत नाही. त्या दिवसापासून पाढे तोंडी घेणं मी सोडलं. चिंचोके आणले, सातसातच्या ओळी मांडायला लागलो.

परीक्षेतल्या सवलतीसाठी लागणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र चार हेलपाटे आणि तीन महिने लागले. पहिल्याच खिडकीवर उत्तर मिळालं, “फिटचं सर्टिफिकेट निघत नाही.” मी रडत परत आले. चूक माझ्या मागण्यात होती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अपस्माराचं, म्हणजे फिटच्या आजाराचं, नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मग दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर त्या नावाने अर्ज केला. आधी कान-डोळे, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. बुद्ध्यांक चांगला, वाचन आणि गणित मागे, म्हणून अध्ययन अक्षमतेचा शिक्का बसला. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आहे.

सासूबाई आधी घाबरल्या होत्या. “अगं, कागदावर आलं की उद्या लग्नाचं काय?” मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, “आई, हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट 1999 सालीच काढलीये. आणि लपवलं तर शाळेत फिट आल्यावर हिला कोण सांभाळणार?” त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी अर्जासाठी तिच्या जन्मदाखल्याची जुनी पिशवी त्यांनीच शोधून दिली.

चौथीच्या बाई देवासारख्या भेटल्या. पहिला बाक दिला, सूचना एकावेळी एकच आणि तीही फळ्यावर लिहून. वर्गातल्या मुलांनाही त्यांनी शिकवलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटं झाली तर लगेच दवाखाना. परीक्षेला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळाली.

सहामाहीचा गणिताचा पेपर घरी आला तेव्हा मी आधी गुण पाहिले नाहीत. समास पाहिला. तिथे पेन्सिलीने बारीक ठिपके काढलेले, सातसातच्या तीन ओळी, आणि शेजारी 21.