एकीचा श्वास संपतो तेव्हा

रविवार, रात्री

आजच्या उपासनेत शेवटच्या गीताचा शेवटचा स्वर खूप लांब धरायचा होता. ऑर्गन थांबला तरी आम्ही तो सोडला नाही. समोर बसलेल्यांना वाटलं असेल, या माणसांना श्वास लागत नाही की काय.

लागतो. क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, नव्या आलेल्या प्रत्येकाला आधी हेच शिकवतात. लांब स्वर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारची घेत असेल तर आपण थांबायचं. ओळ संपते तिथे तर घ्यायचाच नाही, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. मधेच कुठेतरी, शब्द पुरा व्हायच्या आत, गुपचूप थांबायचं, श्वास भरायचा आणि परत शिरताना अगदी हलक्या आवाजात शिरायचं, म्हणजे सांधा कळत नाही. प्रत्येकीचा आवाज तुटतो, स्वर मात्र अखंड राहतो.

मला हा चमत्कार वाटतो, आणि हा शब्द मी विचार करून लिहितेय. ज्या प्रभूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, त्यानेच माणसांना एकमेकांच्या श्वासाची चाहूल घेण्याचं देणं दिलं, असं मी मनापासून मानते. त्या लग्नातसुद्धा पाणी भरून आणणाऱ्या चाकरांनाच काय घडलं ते ठाऊक होतं. भोजनकारभाऱ्याला पत्ताही नव्हता.

भाऊ गेला त्या वर्षी मी रांगेत उभी राहायचे, हातात पुस्तक उघडं असायचं आणि गळ्यातून आवाज फुटायचा नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथपर्यंत आलं की घसा दाटायचा. कुणी मला ‘काही दिवस घरी बस’ म्हणालं नाही. ‘गा, बरं वाटेल’ म्हणूनही कुणी मागे लागलं नाही. डाव्या-उजव्या हाताच्या बाया गात राहिल्या. त्या दिवसांत विश्वासाचंही तसंच चाललं होतं. माझ्यापाशी तो उरला नव्हता, रांगेपाशी होता, आणि मी रांगेत होते. पुढे कधीतरी माझा आवाज परत त्यात मिसळला, हलकेच. नेमका कुठल्या रविवारी, ते मलाही सांगता येणार नाही.

मंगळवार

सकाळच्या बायबलवाचनात 88वं स्तोत्र आलं. विलापाच्या इतर बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेडाची तिरीप येते. यात येत नाही. शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचाच. तरी त्याच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी आहे असं लिहिलेलं आहे, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून गायचं होतं. इतकं काळोखाचं गाणं कुणीतरी चालीवर बसवलं, त्याचा सराव केला, मंदिरात उभं राहून म्हटलं. या एका गोष्टीने मला आजवर किती धीर दिलाय! देवापुढे जाताना आधी चेहरा नीट करून जावं लागत नाही.

22व्या स्तोत्राच्या मथळ्यात तर चालीचं नावही आहे, ‘पहाटेची हरिणी’. चाल हरवली, नाव राहिलं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही त्याचीच पहिली ओळ. प्रभू येशूने वधस्तंभावर तिचा आक्रोश केला. लहानपणापासून कानावर पडलेल्या गीताची ओळ, श्वास पुरत नव्हता अशा वेळी ओठांवर आली.

आणि आदल्या रात्रीचं ते एक वाक्य, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 26व्या अध्यायातलं 30वं. स्तोत्र गाऊन येशू आणि शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. प्रभुभोजन आणि गेथशेमाने, म्हणजे त्याला अटक झाली ती बाग, यांच्या मधे ते वाक्य इतकं लहानसं आहे की वाचताना आपण थांबत नाही. वल्हांडण या यहुदी सणाच्या जेवणानंतर 115 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची रीत होती. 118व्या स्तोत्रात आहे की हा दिवस परमेश्वराने नेमलेला आहे, यात आपण आनंद करू. अटकेला काही तास उरलेले असताना बहुधा हेच शब्द त्याच्या तोंडी असतील. मी याच्यावर पुष्कळदा विचार करत बसते. त्याला पुढचं सगळं दिसत होतं, आणि तरी त्याने गाणं वगळलं नाही.

बुधवार

आज दिवसभर कामच काम. लिहायला फारसं नाही.

फक्त एक. जर्मन संगीतकार बाखच्या हस्तलिखितांबद्दल वाचलेलं मला दमलेल्या दिवशी हमखास आठवतं. 1723 साली तो लाइपझिग शहरात आला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी उपासनेसाठी नवी रचना उभी करत होता. लिहायची, नकला करून घ्यायच्या, मुलांकडून बसवून घ्यायची, की पुढचा रविवार दारात. आरंभी तो पुष्कळदा दोन अक्षरं लिही, ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची. शेवटी तीन, ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची. रोजच्या कामाच्या कागदावर! मी आज कामाच्या वहीत वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पहिली दोन लिहिली. शेवटची तीन लिहायला संध्याकाळचे सात वाजले.

गुरुवार

मावशींकडे जाऊन आले. आमच्या क्वायरमध्ये त्या वर्षानुवर्षं आल्टो, म्हणजे बायकांमधला खालच्या पट्टीचा भाग, गात होत्या. आता माणसं ओळखू येत नाहीत. माझं नाव केव्हाच पुसलं गेलं, मुलीचंही अधूनमधून जातं.

खुर्ची ओढून जवळ बसले. मी बोलत होते आणि त्या चादरीची कड बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मग त्या गुणगुणायला लागल्या. चाल ओळखूच येईना. तीन-चार स्वर एकाच जागी, मग एक पायरी खाली, परत तिथेच. वाटलं, सहज काहीतरी म्हणताहेत. आणि एकदम लक्षात आलं, त्या आल्टो गात होत्या.

आल्टो एकटी ऐकली तर गाणं वाटतच नाही. चाल असते सोप्रानोकडे, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायांकडे. आल्टोच्या वाट्याला बरेचदा मधल्या मधे घोटाळणारे स्वर येतात, वरच्या चालीच्या पोटाशी राहणारे. काम करताना माणूस चाल गुणगुणतो, आल्टो कोण गुणगुणतं? पण मावशींच्या आत टिकून राहिला तो त्यांचा स्वतःचा वाटा.

मी वरून चाल धरली. माझा पहिला स्वर लागला तसा त्यांचा आवाज सरळ झाला. दुसऱ्या ओळीत आल्टोला एक मात्रा उशिरा यायचं असतं. त्या थांबल्या, आणि बरोबर मात्रेवर आल्या. चारही कडवी म्हटली. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द मला पुस्तकाशिवाय आठवेना, तो त्यांनी दिला. आमेनला आल्टो फक्त एक पायरी खाली उतरते. त्या उतरल्या.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही कुणाच्या?”

“मी क्वायरमधली, मावशी.”

“हां. मग बरोबर.”

ज्या आजारात नावं, दिवस, रस्ते निघून जातात, त्यातही पाठ झालेली गाणी पुष्कळदा उशिरापर्यंत राहतात, असं डॉक्टर सांगतात. 2013 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी काही गायकांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. सगळे मिळून स्तोत्र गाताना त्यांच्या ठोक्यांचा वेग बरोबरीने वाढत होता, बरोबरीने कमी होत होता. कारणही साधं. ओळ एकच, म्हणून श्वास एकदम आत-बाहेर होतो, आणि श्वास सोडताना हृदय जरा संथ चालतं. अशी कारणं कळली की चमत्कार उरत नाही, असं म्हणणारी माणसं मला भेटतात. माझं उलट होतं. आपल्याला घडवतानाच देवाने हे आत घालून ठेवलं, हे कळल्यावर मला जास्तच भरून येतं. आज मावशींच्या आणि माझ्या छातीत काय चाललं असेल!

शुक्रवार, सरावानंतर

सराव सुरू होण्याआधी पाळकसाहेबांनी प्रेषितांच्या कृत्यांतला 16वा अध्याय वाचला. पौल आणि सीला हे प्रभूचे दोन प्रचारक, फिलिप्पै शहराचा तुरुंग, फटके खाल्लेली अंगं, खोड्यात अडकवलेले पाय, मध्यरात्र. ते प्रार्थना करत होते, गात होते. पुढे भूकंप होतो, दारं उघडतात, सगळ्यांची बंधनं सुटतात, आणि गोष्ट सांगणारे लगेच त्या भूकंपाकडे धावतात. माझं मन मात्र त्याच्या आधीच्या अर्ध्या वाक्यात अडकून राहतं, बाकीचे कैदी ऐकत होते. अजून काहीच हललेलं नव्हतं. दार बंद, बेड्या घट्ट. तरी त्या काळोखात एवढं तर घडलं होतं की दोन माणसांचं गाणं भिंतीपलीकडच्या माणसांपर्यंत पोचलं होतं. माझ्या आयुष्यात भूकंप फारसे झाले नाहीत. हे भिंतीपलीकडून येणारं गाणं मात्र मी कितीदा ऐकलंय.

सराव संपल्यावर मी सगळ्यांना मावशींची गोष्ट सांगितली. आमचे टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, नेहमी बोलके, ते आज गप्प झाले. मग त्यांनीच विचारलं, “आपण सगळे जाऊ या का?” रविवारी उपासना आटोपली की जायचं ठरलंय. मावशींच्या मुलीला फोन करून विचारलं, ती म्हणाली, जेवण झाल्यावर तासभर त्या ताज्यातवान्या असतात, तेव्हा या. गीत तेच घ्यायचं, पेटी न्यायची नाही, पुस्तकं मोठ्या अक्षरांची न्यायची. सोप्रानोला आम्ही तिघी, टेनरला दोघं, बेसला, म्हणजे पुरुषांच्या खालच्या पट्टीला, एक. आल्टोच्या बाकीच्या बायांना मी सांगितलंय की तुम्ही या, पण पहिलं कडवं मावशींना एकट्यांना म्हणू द्या.