धातू बोलतो तेवढंच लिहिलं: आमची वाटचाल

जुन्या लष्करी पिस्तुलांवरच्या आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक ओळ असते: ‘यापुढे पुरावा नाही.’ या ओळीपायी आमचा धंदा बुडायला आला होता. त्या दिवसांबद्दल बाहेर बरंच उलटसुलट बोललं गेलं, म्हणून आमच्या बाजूने एकदा सगळं लिहून ठेवतोय.

सैन्याने विकून टाकलेलं पिस्तूल हाती आलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘हे कुठे कुठे होतं?’ त्याचं उत्तर शोधायचं हेच आमचं काम. मी कागदपत्रांचा माणूस. धातू बघायचे ते माझे भागीदार अण्णा. त्यांचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, शिक्के मारायचे पंच स्वतः घडवलेले. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित वर उचलला जातो, ब्लूइंगच्या, म्हणजे धातूला गंजू नये म्हणून दिलेल्या निळ्या-काळ्या मुलाम्याच्या, आधी मारलेल्या शिक्क्याच्या तळाशीही ब्लूइंग पोचलेलं असतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. हत्यारं अगदी साधी: दहापट मोठं दाखवणारं भिंग, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा, व्हर्निअर आणि एक छोटी टॉर्च. टॉर्च समोरून मारली तर झिजलेला ठसा गायब होतो. ती पृष्ठभागाला लागून आडवी धरायची आणि हळूहळू फिरवायची. पण त्याआधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर काढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामा आहे हे स्वतः बघायचं, समोरचा माणूस कितीही जाणकार असला तरी.

पहिली काही वर्षं काम येत राहिलं, नाव झालं. मग आमच्याकडेच शिकून गेलेल्या एकाने स्वतःचं दुकान थाटलं. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, चामड्याची फाइल, आत भरजरी कथा. लोक तिकडे धावले.

खरी ठिणगी पडली ती एका व्यापाऱ्याच्या पी-38, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या पिस्तुलांमुळे. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, ‘बीवायएफ 44’. बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना आणि 44 म्हणजे 1944 साल. गरुडाखाली 135, हा त्याच कारखान्यातल्या तपासणीचा शिक्का. इथपर्यंत सगळं जुळत होतं. पण स्लाइडवरचा मूळ नंबर रेघ मारून खोडलेला, शेजारी धातूवर कोरायच्या विजेच्या पेन्सिलीने फ्रेमचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, नंबर लिहिलेला, फ्रेमच्या डाव्या बाजूला छोटी फुली आणि सगळे भाग एकाच टाकीत बुडवून काढल्यासारखे काळेकुळकुळीत. सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेऊन डेपोत दुरुस्त केलेल्या पिस्तुलांची ही खूण या धंद्यात कुणालाही कळते. अण्णांनी आरसा खाली ठेवला. म्हणाले, “जर्मनीत झालं, रशियनांनी पकडलं, डेपोत जुळवलं. अजून काय हवंय याला?” मी तसंच लिहिलं. कोणत्या तुकडीकडे होतं? यापुढे पुरावा नाही.

व्यापाऱ्याला ते नको होतं. तो तेच पिस्तूल घेऊन तिकडे गेला आणि प्रमाणपत्र आणलं: 1941 सालापासून एका जर्मन अधिकाऱ्याच्या कमरेला, युद्धानंतर त्याच घराण्यात. पिस्तुलावर 44 कोरलंय! माउझरने पी-38 बनवायला सुरुवातच 1942 च्या अखेरीला केली! हे कुणीही विचारलं नाही. उलट आमच्याबद्दल हाकाटी उठली की हे लोक चांगल्या मालात खोड काढतात. व्यापाऱ्यांनी एकेक करून पाठ फिरवली. जागेचं भाडं थकलं, अण्णांनी आपलं छोटं लेथ विकलं आणि वर्षभर हिस्सा घेतला नाही. मी कथा लिहायला लागावं असं घरच्यांचंही मत पडलं. अण्णा एवढंच म्हणाले, “मग मला सोड.” मी नाही लिहिल्या.

त्या काळात एक गिऱ्हाईक टिकून राहिलं. त्यांच्याकडे पी-08, म्हणजे लुगर हे जुनं जर्मन पिस्तूल होतं, चेंबरवर 1917 आणि 1920 अशी दोन सालं. 1917 हे बनवल्याचं. 1920 चा शिक्का पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतल्या वायमार सरकारने मारलेला, सैन्याची मालमत्ता आणि लोकांकडची शस्त्रं वेगळी ओळखू यावीत म्हणून. प्रतिस्पर्ध्याने त्यांना 1920 हेच कारखान्याचं साल सांगितलं होतं. मुठीच्या पुढच्या पट्टीवर रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्राचा क्रमांक असा ओळीने ठोकलेला शिक्काही होता. तुकडी अशी थेट धातूत सापडणं हे भाग्यच. तो ठसा टॉर्चखाली उमटला तेव्हा ते खुर्चीतून उठून अण्णांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. मग त्यांनी सगळा संग्रह एकेक करून आमच्याकडे पाठवला. ते वर्ष आम्ही त्यांच्या जिवावर काढलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. पिस्तूल पॉलिश करू नका. झिजलेला शिक्का वाचता येतो, घासून काढलेला नाही. आयातदाराचा ठसा दिसायला वाईट म्हणून बुजवू नका, तोही प्रवासाचाच भाग आहे. कोल्ट कंपनीच्या फ्रेमवर रेमिंग्टन रँड या दुसऱ्या कंपनीची स्लाइड बघून नाक मुरडू नका. अमेरिकन आर्सेनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रागारांत, एम-1911ए1 ही सैन्याची पिस्तुलं शेकड्यांनी खोलून पुन्हा जोडली जात, आणि फ्रेमवर ऑगस्टाचं ‘एए’ किंवा रॉक आयलंडचं ‘आरआयए’ सापडलं तर ती सरमिसळ हाच सेवेचा दाखला. सगळे भाग चकाचक आणि जुळणारे असतील तर उलट जास्त वेळ भिंग लावा. ब्रिटिश शस्त्रावर दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर ते सैन्याने विकून टाकलंय असं समजा. कारखान्याचं पत्र जरूर मागवा, पण त्यात माल कधी आणि कुठे रवाना झाला एवढंच मिळतं. तो कुणाच्या हातात गेला, ते बहुधा नाही.

प्रतिस्पर्ध्याचं दुकान अजून चालू आहे. त्याची प्रमाणपत्रं हल्ली आमच्याच टेबलावर तपासायला येतात आणि प्रत्येकाची नक्कल मी वेगळ्या कपाटात लावून ठेवतो. त्या पी-38 वरचा कागद मात्र त्याने आजतागायत मागे घेतलेला नाही.