कोंबड्यांचं पाणी तपासायला गेले आणि ‘स्रोत’ या रकान्यात अडकले

निप्पलने, म्हणजे कोंबडीने चोचीने टोचलं की थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोटीने, पाणी कसं द्यायचं याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, त्यामुळे पाइप कुठून आणला, भोकं कशी पाडली ते लिहीत बसत नाही. खाद्यतेलाचा रिकामा डबा, त्याला खालून पाइप, पाइपाला लाल निप्पल. एका दुपारचं काम. आठ-दहा कोंबड्यांना एक निप्पल पुरतो. जुनं परळ (पाण्याचं पसरट भांडं) उचलून ठेवलं की त्या आपणहून टोचून बघतात, आणि एक शिकली की बाकीच्या तिचं बघून शिकतात.

मला लिहायचंय ते पाणी तपासून घेण्याबद्दल. तो राग अजून गेलेला नाही.

आमच्या परसात वीसेक कोंबड्या आहेत, गावरान आणि काही कावेरी जातीच्या. गेल्या उन्हाळ्यात अंडी घटली आणि विष्ठा पातळ व्हायला लागली. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवलं. रक्ती हगवण वाटत नाही म्हणाले, जंताचं औषध दिलं, आणि निघताना डॉक्टर सहज बोलून गेले, “ताई, पाणी एकदा तपासून घ्या.”

आता पाणी तपासायचं म्हणजे प्रयोगशाळा. कुठली ते सांगत नाही, सरकारी आहे एवढं पुरे. जंतूंच्या तपासणीला घरची बाटली चालत नाही, निर्जंतुक केलेली बाटली तिथूनच न्यावी लागते. हे फोनवर कुणी सांगत नाही, फोन उचललाच तर. बाटल्या घ्यायला गेले तर संपलेल्या. पुढच्या खेपेला बाटली मिळाली, पण नमुने ठरावीक वारी आणि दुपारी बाराच्या आतच घेतात असं कळलं. त्यामागचं कारण मला पटतं. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायचा असतो, जंतू वाढवून बघायला त्यांना पुढे दोन दिवस लागतात आणि मध्ये सुट्टी आली की सगळं बिघडतं. पण मग हे दारावर एका कागदावर लिहून चिकटवायला काय होतं? आमची एसटी तिथे सव्वाबाराला पोचते. शेवटी ह्यांनी कामावर उशीर करून मला गाडीवरून सोडलं, मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन.

तर एकदाची वेळेत खिडकीशी उभी राहिले.

“काय पाणी आहे?”

“कोंबड्या पितात ते.”

“म्हणजे विहिरीचं?”

“विहिरीतून टाकीत, टाकीतून डब्यात, डब्यातून पाइपात. मी शेवटच्या निप्पलपाशी घेतलंय.”

पेन थांबलं. फॉर्मवर ‘पाण्याचा स्रोत’ असा रकाना आणि पुढे पर्याय: विहीर, विंधन विहीर, हातपंप, नळ, झरा. ‘इतर’ नाही.

“निप्पल नाहीये यात.”

“मग विहीर लिहा ना.”

“विहीर लिहिली तर नमुना विहिरीचा पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर?”

कोण विचारणार होतं देव जाणे. मला आत मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी फॉर्म उलटसुलट बघितला आणि ग्रामपंचायतीचं पत्र आणा म्हणाल्या. ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक हसले. त्यांचं पत्र सार्वजनिक स्रोताला मिळतं, माझ्या परसातल्या पाइपाला कशाला मिळेल? त्यांचंही बरोबरच. पुन्हा खिडकी. फॉर्मच्या पुढच्या ओळीत ‘लाभार्थी लोकसंख्या’ होतं, त्यावर पुन्हा चर्चा झाली. मी वीस सांगितलं. ते म्हणाले, माणसं सांगा. मग चार लिहिलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला: विहिरीचं पाणी आणा, पैसे भरा, रिपोर्ट घेऊन जा. मी दमले होते, तेच केलं. वाट बघून बघून रिपोर्ट आला, शिक्क्यासकट: पिण्यास योग्य. सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, “विहिरीचा पाणी बरा आसा, ह्येका कागद कित्याक व्हयो?”

आणि कोंबड्यांची विष्ठा तशीच पातळ.

उत्तर मिळालं ते शेजारच्या घरात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवलंय, त्यातली एक आमची शेजारीण निघाली. मला कुणी आधी सांगितलं असतं तर! तिच्याकडे एच टू एसच्या छोट्या बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट लागू द्यायचं नाही, झाकण लावून घरातच ठेवून द्यायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असल्याची शंका घ्यायची. फॉर्म नाही, रकाना नाही. एक बाटली विहिरीच्या पाण्याने भरली, एक शेवटच्या निप्पलच्या, आणि दोन्ही पडवीतल्या फळीवर मुलांचा हात पोचणार नाही अशा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी निप्पलची बाटली काजळासारखी काळी. विहिरीची होती तशीच.

पाइपाचं शेवटचं टोपण पिरगाळून काढलं तेव्हा आधी पाणी आलंच नाही. मग करड्या-तपकिरी रंगाचा, बोटभर लांब, बुळबुळीत गोळा घरंगळत बाहेर आला आणि मागून पाणी. वास आंबूस. उन्हाळाभर मी डब्यातून गूळपाणी देत होते, मध्येमध्ये व्हिटॅमिनही. गोड पाणी पाइपात साचलं की असला थर झपाट्याने वाढतो. गूळपाणी द्यायचं तर परळात द्या, तासा-दोन तासांनी उरलेलं ओतून परळ घासून ठेवा. निप्पलच्या लाइनीत फक्त साधं पाणी.

सफाई अशी केली. पाइपात व्हिनेगर घातलेलं पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी सोडून दिलं आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं. मग टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, कडक पाणी भरलं, तेही रात्रभर, पुन्हा धुणं. कोंबड्यांना तेवढ्यापुरतं परळ. व्हिनेगर आणि टीसीएल एकत्र कधीही करू नका, विषारी वायू होतो. टोपणाच्या जागी आता कॉक बसवलाय, रोज संध्याकाळी मिनिटभर सोडते. नंतर पुन्हा बाटली लावली, काळी पडली नाही. ती मी सगळ्या घराला दाखवली. विष्ठा सुधारली, अंडीही हळूहळू पूर्ववत झाली.

रोजच्या वापराला टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल घालते. पावडर ओल लागली की निकामी होते, आणि कोकणातल्या पावसात कशाला ओल लागत नाही? घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडी थोडीच आणा.

डबा पारदर्शक घेऊ नका, उजेड लागला की शेवाळ धरतं. पाइप उन्हातून जात असेल तर त्यावर ओलं गोणपाट टाका. पाणी तापलं की कोंबडी पीत नाही, आणि पाणी कमी झालं की अंडं कमी. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या जवळपास दुप्पट. निप्पल इतका उंच हवा की मान वर करून प्यावं लागेल. खाली असला तर पाणी सांडतं, भुसा ओला होतो आणि ओल्या भुशात कॉक्सी (रक्ती हगवणीचा रोगजंतू) वाढते. ती टीसीएलने मरत नाही, तो भुसा काढून टाकायलाच लागतो.

आणि हो, लासोटा ही राणीखेत रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल तर त्या पाण्यात टीसीएलचा अंशही नको, लस मरते. मी आदल्या संध्याकाळी थेट विहिरीतून कळशी भरून ठेवते. लसीच्या आधी दोन तास पाणी बंद, म्हणजे तहानेने पटापट पितात. पाण्यात थोडी दूध पावडर कालवायची, मग लस, आणि दोन तासांत संपेल एवढंच करायचं, सावलीत, परळात. निप्पलची लाइन त्या दिवशी बंद.