तुम्ही विचारलंत म्हणून: हजाराचा गेमिंग माउस घ्यावा का?

‘हजार-बाराशेचा गेमिंग माउस घेऊ का, की पैसे पाण्यात?’ हा प्रश्न मला मावशीच्या मुलापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. आणि उत्तर अर्धं ऐकून बहुतेकांनी खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला माउस आणलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तो आकडा म्हणजे डीपीआय, माउस एक इंच सरकला की तो हालचालीच्या किती खुणा (काउंट) कॉम्प्युटरला पाठवतो ते. 12,800 बघितलं की पोरं हरखतात. हिशेब करून बघा. माउस एक इंच सरकला की 12,800 काउंट जाणार आणि तुमची स्क्रीन आडवी 1920 पिक्सेलची. म्हणजे हात जेमतेम चार मिलिमीटर हलला की कर्सर या टोकापासून त्या टोकाला. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या स्पर्धांमध्ये खेळणारे बहुतेक जण 400 किंवा 800 वर खेळतात, काही 1600 वर. स्वस्त माउसमध्ये हा आकडा अनेकदा सेन्सरचा, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या तळाच्या चिपचा, नसतोही. खऱ्या काउंटना आतल्या आत गुणून तो फुगवलेला असतो. त्यापेक्षा सेन्सरचं नाव शोधा. पिक्सआर्ट कंपनीचा 3325 किंवा 3327 असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर पुढे वाचा. नुसतं ‘हाय प्रिसिजन’ असेल तर खोकं खाली ठेवा.

पोलिंग रेटचं थोडक्यात: 125 हर्ट्झचा माउस आपली हालचाल कॉम्प्युटरला दर 8 मिलिसेकंदांनी कळवतो, 1000 चा दर एकाने. पण 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर नवं चित्रच साधारण 17 मिलिसेकंदांनी येतं. कॉलेजात असताना मी याच आकड्यांच्या जोरावर सांगत फिरायचो की ऑफिसचा माउस पुरतो, बाकी सगळं माउसमधल्या दिव्यांचं कौतुक. आजही तेव्हाच्या त्या मुलाशी, म्हणजे माझ्याशीच, माझं पूर्ण भांडण नाही. त्याला बटणाखालचा स्विच ठाऊक नव्हता, एवढंच.

स्विच मला रत्नागिरीत, कॉलेजच्या फेस्टमध्ये कळला. व्हॅलोरंटची फायनल, शेवटची राउंड, स्पाइक, म्हणजे गेममधला बॉम्ब, माझ्याकडे. मला तो माउसचं डावं बटण दाबून धरून प्लांट करायची, म्हणजे लावायची सवय. चार सेकंद बोट उचलायचं नाही, उचललं की पुन्हा पहिल्यापासून. मी बोट उचललं नव्हतं. तरी स्क्रीनवरची ती भरत जाणारी पट्टी अर्ध्यावर गेली आणि तुटली. पुन्हा धरलं, पुन्हा तुटली. मागून पोरं ओरडतायत, ‘अरे धरून ठेव ना!’ मी इतकं घट्ट दाबलं होतं की नख पांढरं पडलं होतं. तेवढ्यात समोरचा कोपऱ्यावरून आला आणि संपलं. बटण गंडलंय म्हणून सांगितलं, तर आमच्याच टीममधला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ हरल्याचं मी विसरलो असतो. ते वाक्य अजून टोचतं, कारण मी खरं बोलत होतो.

त्या रात्री माउस उघडला. स्क्रू तळाच्या पायांच्या स्टिकरखाली लपलेले असतात. बटणाखाली तीन पायांचा इवलासा काळा स्विच, त्याच्या टोपणाखाली तांब्याची बारीक पत्ती. पत्ती टेकली की क्लिक. तिचा ताण उतरला किंवा टोकावर काजळी धरली की टेकता टेकता ती क्षणभर सुटते आणि कॉम्प्युटरला वाटतं बोट उठलं. एका क्लिकचे दोन होतात तेही यामुळेच. आमच्याकडच्या दमट हवेत पत्तीला लागलेली काजळी मला डोळ्यांनी दिसली. खोक्यावर दोन कोटी क्लिकचा दावा होता. दुकानदाराने हात वर केले, कंपनीच्या सेवा केंद्राने माउस दुसऱ्या शहरात घेऊन यायला सांगितलं. जाण्या-येण्याच्या भाड्यात नवा माउस आला असता.

मग स्वस्त घेऊच नये का? तसंही नाही, आणि मी कंजूष आहे म्हणून हे म्हणत नाहीये. महागड्या माउसचे स्विचही असेच गेलेले मी पाहिलेत, बदलूनही दिलेत. हुआनो किंवा कैल्ह या कंपन्यांचा सुटा स्विच अगदी थोड्या पैशांत मिळतो. सोल्डरिंग येत असेल तर स्वस्त माउस वर्षानुवर्षं चालतो. येत नसेल तर हजाराचा माउस वर्षा-दोन वर्षांचा पाहुणा समजा, किंवा थोडे जास्त घालून लॉजिटेक जी 102 सारखा घ्या, ज्याचा सेन्सर लोकांनी भरपूर तपासलाय.

पण जी 102 ची लांबी साधारण 117 मिलिमीटर. माझ्या बहिणीला तो हातात बसतो, मला बोटं आखडावी लागतात. दुकानात खोकं फोडू देत नाहीत, त्यामुळे हे आधी कळणार कसं, याला माझ्याकडे उत्तर नाही. मित्राचा माउस अर्धा तास मागून खेळा, एवढंच सुचतं.

त्या दिवशी माउस चांगला असता तर आम्ही जिंकलो असतो का, हेही लोक विचारतात. समोर तिघं शिल्लक होते, मी एकटा. बहुधा हरलोच असतो. पण स्पाइक लागला असता. मला तो लावायचा होता.