एचआयव्हीचा मजकूर बिघडवणारं प्रथिन

एचआयव्हीपुढे आपली पेशी हतबलच असते, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. एचआयव्ही ज्यांना बाधित करतो त्या सीडी४ टी-पेशींत (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत) एपोबेक-३जी नावाचं प्रथिन असतं, आणि विषाणूला निकामी करण्याची ताकद त्यात आहे. २००२ साली मायकेल मॅलिम यांच्या गटाने ते शोधून काढलं.

बाधित पेशीत नवे विषाणूकण बांधले जात असताना या प्रथिनाचे मोजके रेणू त्यांच्यात शिरून बसतात. कण नेहमीसारखेच बाहेर पडतात. घाव बसतो तो पुढच्या पेशीत. तिथे विषाणूच्या आरएनएवरून डीएनए उतरवला जाऊ लागला, की या एकपदरी डीएनएमधल्या सायटोसिन या 'अक्षरा'चा अमिनो गट हे प्रथिन काढून टाकतं. त्याचं युरॅसिल होतं, समोर ॲडेनिन बसतं आणि विषाणूच्या मूळ जनुकीय मजकुरात 'जी'च्या (ग्वानिनच्या) जागी 'ए' (ॲडेनिन) येतो. दोन सायटोसिन लागोपाठ असतील तिथे त्याचा मारा जास्त. म्हणून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या टीजीजी या तीन अक्षरी संकेताचं टीएजी होतं, म्हणजे प्रथिनाची बांधणी थेट थांबण्याची खूण. विषाणूचं प्रथिन अर्धवटच तयार होतं.

मग संसर्ग होतोच कसा? विषाणूच्या विफ या प्रथिनामुळे. विफ पेशीचंच सीबीएफ-बीटा हे प्रथिन सोबत घेऊन एपोबेकला कलिन-५ या पेशीतल्या प्रथिनं मोडीत काढणाऱ्या यंत्रणेशी जोडतं. त्यावर युबिक्विटिन ही नाश करण्याची खूण चढते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं कापणी यंत्र त्याचे तुकडे करतं. आफ्रिकन ग्रीन माकडाच्या एपोबेकपुढे मात्र हेच विफ हरतं. या प्रथिनातल्या १२८व्या अमिनो आम्लाच्या जागी माणसात ॲस्पार्टिक आम्ल असतं, त्या माकडात लायसिन. एवढाच एक फरक पुरतो, हे मला या सगळ्यात सर्वांत आशादायक वाटतं.

प्रयोगशाळेत इथेच फसगत होते. विफ काढलेला विषाणू २९३टी या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींत वाढवला तर चांगला संसर्गक्षम निघतो, कारण त्या पेशींत हे प्रथिन जवळपास नसतंच. एच९ या टी-पेशींत वाढवला तर पी२४ हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन भरपूर दिसतं, पण संसर्ग जेमतेम होतो. म्हणून नुसत्या पी२४वर विसंबू नये, टीझेडएम-बीएल या संसर्ग झाला की संकेत देणाऱ्या पेशींवर संसर्गक्षमता वेगळी मोजावी.

उपचार घेणाऱ्यांच्या पेशींतही असे बिघडलेले प्रोव्हायरस (पेशीच्या डीएनएत मिसळलेला विषाणूचा डीएनए) सापडतात. साधी पीसीआर (डीएनए मोजण्याची चाचणी) त्यांनाही मोजते, आणि सुप्त विषाणूंचा साठा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. पेशींतल्या डीएनएवरून औषधरोध (औषधाला विषाणू दाद न देणं) तपासताना तर एम१८४आयसारखा औषधरोधाशी जोडलेला बदल निव्वळ एपोबेकमुळेही दिसू शकतो. त्याच डीएनए-वाचनात थांबण्याच्या खुणा असतील, तर केवळ त्या बदलावरून औषध बदलू नये.