बूनची हाडं नेमकी कुठं?

मिझुरी नदीच्या काठाकाठानं सेंट लुईसहून पश्चिमेला निघालं की तासाभरात द्राक्षमळे सुरू होतात. घरची मंडळी ऑगस्टाच्या एका वायनरीत बसली ती उठायची चिन्हं दिसेनात. मी भाच्याला उचललं आणि मार्थासव्हिल गाठलं. गावाबाहेर एका टेकाडावर ब्रायन कुटुंबाची जुनी दफनभूमी आहे, ती मला बघायची होती. ब्रायन म्हणजे डॅनियल बूनची सासुरवाडी.

केंटकीत गोऱ्यांची वस्ती उभी करणारा म्हणून अमेरिकेतली शाळकरी पोरं ज्याचे धडे वाचतात, तो हा बून. १७७५ साली डोंगरातून वाट पाडून त्यानं बून्सबरो वसवलं. शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या शिकारीच्या रानात ही माणसं घुसली होती, त्यामुळं ‘पायोनियर’ हा शब्द मला जरा जपूनच वापरावासा वाटतो. पुढच्याच वर्षी शॉनी आणि चेरोकींनी त्याची मुलगी जमायमा पळवली. बापानं माग काढत तिला सोडवून आणलं. तीही याच टेकाडावर आहे.

गाडीतून उतरताना मी सवयीनं चपला काढायला लागलो. भाचा हसला, “मामा, देऊळ नाहीये हे!”

जागा लहानशीच. मधोमध एक मोठा ओबडधोबड दगड, त्यावर १९१५ साली बसवलेली धातूची पाटी. बूनची बायको रिबेका १८१३ मध्ये इथं मातीत आली, तो स्वतः १८२० मध्ये, ८५ वर्षांचा होऊन. त्यानं चेरीच्या लाकडाची शवपेटी आधीच करवून घेतली होती आणि अधूनमधून तिच्यात पडून नातवंडांना घाबरवायचा, असं सांगतात. भाच्याला अख्ख्या इतिहासातलं एवढंच आवडलं.

खरी गंमत मात्र पुढं आहे. केंटकीत बूननं हजारो एकरांवर हक्क सांगितले, पण कागद कच्चे, वर कर्ज आणि कोर्टकचेऱ्या. हातात काही उरलं नाही. वैतागून १७९९ मध्ये तो मिझुरीत आला, तेव्हा हा मुलूख स्पेनकडे होता. आणि १८४५ साली, मेल्यावर पंचवीस वर्षांनी, त्याच केंटकीला त्याची आठवण झाली. राजधानी फ्रँकफर्टला नवी दफनभूमी निघाली होती, तिला एक मोठं नाव हवं होतं. मंडळी मिझुरीत आली, दोघा नवराबायकोची हाडं उकरली आणि वाजतगाजत घेऊन गेली. जितेपणी वीतभर जमीन टिकू दिली नाही आणि मेल्यावर नदीकाठच्या कड्यावर प्लॉट! आपल्याकडच्या श्राद्धांची आठवण झाली.

मिझुरीकर मात्र वेगळंच सांगतात. रिबेकाच्या शेजारची जागा आधीच भरलेली होती, म्हणून म्हाताऱ्याला भलतीकडे पुरलं होतं. नंतर बसवलेला दगड चुकीच्या कबरीवर आला. घरच्यांना हे ठाऊक होतं, पण केंटकीवाल्यांवरच्या रागानं कुणी चकार शब्द काढला नाही. न्या म्हणावं, खुशाल न्या. गावाकडच्या भाऊबंदकीत मुरलेल्या मला ही गोष्ट पटकन खरी वाटली, हे कबूल करतो.

१९८३ मध्ये त्यावर आणखी एक वळसा पडला. केंटकीत पुन्हा पुरण्याआधी कवटीचा प्लास्टरचा साचा काढला होता. तो तपासून एका तज्ज्ञानं म्हटलं की ही कवटी कदाचित कृष्णवर्णीय माणसाची असावी. साचा ओबडधोबड, त्यामुळं पुरावा म्हणून कच्चाच. पण या टेकाडावर गुलामांनाही पुरलेलं आहे. बूनही गुलाम बाळगून होता. म्हणजे फ्रँकफर्टच्या त्या कोरीव स्मारकाखाली, ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही असा एखादा माणूस झोपलेला असूही शकतो. बून कुठं आहे यापेक्षा मला हीच शक्यता जास्त डोक्यात राहिली. आज दोन्ही गावं ‘बून आमच्याकडे’ म्हणतात. त्या दुसऱ्यावर दावा कुणाचाच नाही.

भाचा पाटी सोडून गवताकडं बघत होता. “बाकीचे कुठायत?”

“इथंच. खुणा नाहीत.”

मग परत जाताना तो मधून चाललाच नाही. कडेकडेनं, कुंपणाला हात लावत गाडीपर्यंत गेला. मीही त्याच्या मागून तसाच.