आमची वाटचाल: स्क्रीन मोजण्यापासून नियम मोजण्यापर्यंत

सॉफ्टवेअर बनवून देणारी आमची फर्म सुरू केली तेव्हा कोटेशन काढायची रीत साधी होती. स्क्रीन मोजायच्या, दर स्क्रीनमागे काही दिवस धरायचे आणि बेरजेवर थोडं चढवून आकडा पाठवायचा. ठरावीक साच्याच्या कामाला ही रीत आजही पुरते. पण स्क्रीनकडे बघून तिच्यामागे किती नियम आहेत ते कळत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर दोनच रकाने असतात. पासवर्ड विसरला, खातं लॉक झालं, ओटीपी आलाच नाही, हे सगळं त्यांच्या मागे.

कामं मोठी होऊ लागली तसे आम्ही यूज केसकडे वळलो. यूज केस म्हणजे वापरणारा सिस्टिमकडून एक काम कसं पार पाडून घेतो, त्याचं पायरीपायरीने लिहिलेलं वर्णन. इव्हार जेकबसन यांनी एरिक्सनमधल्या अनुभवातून १९८०च्या दशकात ही पद्धत मांडली आणि १९९७ साली ती यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या प्रमाण भाषेत आली. पुष्कळ जण आकृतीत वापरणाऱ्यांसाठी काड्यांची माणसं आणि यूज केससाठी लंबगोल काढून थांबतात. खरं काम त्या लंबगोलाच्या आत काय घडतं ते लिहिण्याचं आहे.

‘रजा मंजूर करणे’ एवढंच घ्या. सरळ वाट चार ओळींत संपते: अर्ज, शिल्लक रजेची तपासणी, मंजुरी, नोंद. मग आम्ही फाटे विचारायला लागतो. मंजूर करणाराच रजेवर असेल तर? मंजुरीनंतर अर्ज मागे घेतला तर? अर्धी रजा मागच्या तारखेची असेल तर? अशा प्रश्नांवर ग्राहकाची माणसं बऱ्याचदा आपसातच वाद घालू लागतात. तो वाद कोड लिहिण्याआधी झालेला मला फार आवडतो.

लिहिलेलं असलं की मोजता येतं. १९९३ साली गुस्ताव कार्नर यांनी कामाचा आकार मोजायला यूज केस पॉइंट सुचवले. तीनपर्यंत व्यवहार (म्हणजे वापरणारा आणि सिस्टिम यांच्यातली एकेक देवाणघेवाण) असलेल्या यूज केसला ५ गुण, चार ते सात असतील तर १०, त्याहून जास्त असतील तर १५. त्यात वापरणाऱ्यांचे गुण मिळवायचे, तांत्रिक आणि संघाविषयीच्या घटकांनी गुणायचं आणि दर पॉइंटला २० तास धरायचे. आम्ही गुण ठेवले, २० तास सोडले. तो दर आपल्याच झालेल्या कामांवरून काढावा, कारण संघ बदलला की दर बदलतो. या पद्धतीत एक खोचही आहे. सात व्यवहारांचा आठवा झाला की गुण एकदम १० वरून १५, आणि तीच यूज केस दोन तुकड्यांत लिहिली की बेरीज निराळी. म्हणून एका माणसाने एका बैठकीत पुरं केलेलं काम म्हणजे एक यूज केस, असा नियम आम्ही घालून घेतला.

अवघड तुकड्यांना मात्र आम्ही तीन आकडे लावतो: सगळं सुरळीत गेलं तर ४ दिवस, बहुधा ६, अडलं तर १४. पर्ट या नियोजनाच्या पद्धतीतल्या सूत्राने तिन्हींची बेरीज करताना मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागलं की उत्तर ७ येतं. मला त्या ७ पेक्षा १४ मध्ये जास्त रस. डेव्हलपरला ‘१४ का?’ विचारलं की तो बहुधा बाहेरच्या एखाद्या सेवेचं नाव घेतो, जिची चाचणीची सोय अजून कोणी पाहिलेलीच नसते. मग ती आधी तपासायची.

व्यवहारात यामुळे एक मोठा बदल झाला. आवश्यकता लिहून देणं हे आता वेगळं, छोटं, पैसे घेऊन केलेलं काम आहे. ठाम किंमत त्यानंतरच. त्याआधी कोणी आकडा मागितलाच तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं सांगतो आणि तो पट्टा रुंद ठेवायला लाजत नाही. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहेम यांनी अगदी सुरुवातीच्या अंदाजात चौथाईपासून चौपटीपर्यंत फरक पडू शकतो असं दाखवलं होतं. काही ग्राहक हे ऐकून दुसरीकडे जातात. राहतात त्यांच्याशी नंतरच्या बदलांचं बोलणं सोपं होतं, कारण बदल कुठल्या ओळीत झाला ते दोघांनाही दिसतं.

हल्ली लहान लहान टप्प्यांच्या कामात संघातला प्रत्येक जण आकड्याचा पत्ता टाकतो आणि त्यावरून कामाचे तुलनेने गुण, म्हणजे स्टोरी पॉइंट, ठरतात, तिथे यूज केसचा सोस आम्ही करत नाही. दोन सिस्टिम जोडायच्या असल्या किंवा मंजुरीचे फाटे असले, की मात्र आधी लिहायला बसतो.